मदत हवी आहे: परीक्षेच्या ताणात पोट बिघडतं, प्रोबायोटिक घ्यावं का?

दादर_पूर्व:
धाकटी बहीण सीए फायनलची तयारी करतेय. परीक्षा जवळ आली की मुरडा येतो, दिवसातून तीन-चारदा पातळ होतं, वर सर्दी. ताप नाही, रक्त नाही. केमिस्टने प्रोबायोटिक कॅप्सूल दिल्यात. त्या किती दिवस घ्यायच्या? घरचं दही पुरेल का? डब्यातलं दही दुपारपर्यंत आंबटढाण होतं.

माटुंगा_सूक्ष्म:
ताण लांबला की आतड्याची हालचाल बदलते, अस्तरातल्या पेशींचे सांधे सैल पडू शकतात आणि तिथे पहारा देणारं आयजीए हे प्रतिपिंड कमी होऊ शकतं. काही प्रोबायोटिक जिवाणू या अस्तराला आधार देतात, रोगजंतूंना चिकटायला जागा ठेवत नाहीत. पण हा गुण स्ट्रेनचा, म्हणजे जातीतल्या ठरावीक वाणाचा असतो, सगळ्या जातीचा नव्हे. पाकिटावर नुसतं 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस' असेल तर पत्ता अर्धाच. पुढे 'जीजी'सारखं स्ट्रेनचं नाव हवं. सीएफयूचा, म्हणजे जिवंत जिवाणूंचा आकडाही एक्सपायरीपर्यंतचा हवा, बनवतानाचा नको.

पेपरच्या दिवशी सुरू करू नका, महिनाभर आधी करा. एकच उत्पादन, पाकिटावरच्या मात्रेत, चार आठवडे. पहिले काही दिवस गॅस होतो. चार आठवड्यांत फरक नसेल तर बंद करा, उगाच पैसे घालवू नका. आयबीएस, म्हणजे वारंवार पोटात मुरडा येऊन शौच बिघडण्याचा जुनाट त्रास, त्यासाठीचा पुरावा अजून तोकडाच आहे. 2020 मध्ये अमेरिकन गॅस्ट्रोएंटरोलॉजिकल असोसिएशनने त्यासाठी प्रोबायोटिक फक्त संशोधनातच वापरावं असं म्हटलं.

आपल्या दमट हवेत कॅप्सूल पाकिटातून काढून डबीत भरू नका, ओलावा लागला की आतले जिवाणू मरतात. गरम चहासोबतही नको. अँटिबायोटिक चालू असेल तर किमान दोन तासांचं अंतर ठेवा. बुलार्डी नावाचं प्रोबायोटिक मात्र जिवाणू नसून यीस्ट आहे, त्याला अँटिबायोटिक मारत नाही.

विरजण:
दह्यात जिवंत जिवाणू असतात, पण कोणते आणि किती ते माहीत नसतं, म्हणून ते औषधाच्या जागी धरू नका. रोज वाटीभर जरूर खावं. कढी उकळली की जिवाणू संपले.

डब्यासाठी दही नेऊच नका. सकाळी मऊ भात कोमट होऊ द्या, त्यात भाताच्या दुप्पट कोमट दूध, एक चमचा ताजं दही आणि मीठ घालून कालवा. दुपारी एकपर्यंत डब्यातच विरजतं, गोडसर राहतं. दूध बोट सहज टिकेल इतकंच कोमट हवं. जास्त गरम असेल तर विरजण मरतं, दूध तसंच राहतं. मे महिन्यात अर्धा चमचा विरजण पुरे.

माटुंगा_सूक्ष्म:
विरजणताईंशी सहमत. एक राहिलं: केमोथेरपी, स्टेरॉइड किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक घेऊ नये, विशेषतः बुलार्डी. रात्री झोपेतून उठून जावं लागणं, वजन उतरणं, शौचात रक्त, ताप यांपैकी काही दिसलं तर कॅप्सूलवर वेळ न घालवता तपासणी करा. बहीण रात्री जागून कॉफी पीत असेल तर आधी ती कमी करा, कॉफीनेही पातळ होतं.

दादर_पूर्व:
कॉफी दिवसाला पाच कप आहे. पाकिटावर स्ट्रेनचं नाव नाही, परत करतो. उद्यापासून दहीभात.