सिगारेट सोडा, मिश्रीचं बोला

गरोदर बायकांची सिगारेट सोडवणारे कार्यक्रम आपल्याकडे हवेत कशाला, असं काहीजण विचारतात. सिगारेटचं सोडा हो, मिश्रीचं, म्हणजे दाताला लावायच्या भाजलेल्या तंबाखूच्या पुडीचं काय? माझ्या मावशीच्या मोरीतल्या कोनाड्यात पत्र्याची डबी असायची. सकाळी बोटावर काळी पूड घेऊन अर्धा अर्धा तास हिरड्या घासणं चालायचं, दिवस गेलेले असतानाही. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की ती सरळ नाही म्हणायची. खोटं कुठे होतं? मिश्री खात नाहीत, लावतात! मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांची पाहणी २००४ साली छापून आली. त्यात बिनधुराची तंबाखू घेणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं होतं. तेव्हा तंबाखू सोडवणाऱ्या कार्यक्रमांना माझा पाठिंबाच आहे. फक्त घरोघरी येणाऱ्या आशाताईंनी (आरोग्य स्वयंसेविकांनी) ‘मिश्री लावता का?’ असं थेट विचारावं, आणि तेही सासूबाईंसमोर नको. डबी बहुधा त्यांचीच असते.