मदत हवी आहे: काजूच्या बोंडांचा रस टिकवायचा कसा?

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी मुंबई सोडून कुडाळजवळ सासरच्या घरी राहायला आलो. परसात काजूची अकरा झाडं. चार जुनी गावठी, बाकी वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ या सुधारित जातींची कलमं. बी व्यापारी घेऊन जातो, प्रश्न उरतो बोंडांचा, म्हणजे बी ज्याला लटकते त्या रसाळ फळांचा. बोंडू बीच्या सहा-सात पट वजनाचं, म्हणजे दहा किलो बी गोळा केली की साठ-सत्तर किलो बोंडं झाडाखाली पडून. शेजारची म्हैस खाते, पण तिनं तरी किती खायचं!

पहिला प्रयोग स्मूदीचा. पिवळीधमक बोंडं, केळं, दूध, थोडा मध, सगळं मिक्सरमध्ये. ग्लासात ओतेपर्यंत दूध फाटलं, वर चोथा आणि खाली पाणी. लेकीनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "आई, जिभेवर कुणीतरी लोकरीचा मोजा चढवलाय."

मग नुसता रस पिळला, मलमलीतून गाळला, मीठ-साखर घालून प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला. तिसऱ्या दिवशी बाटली फुगून टणक झालेली. झाकण फिरवलं तर फेस थेट ट्यूबलाइटवर! स्वयंपाकघरभर आंबूस वास. सासऱ्यांचा चेहरा मात्र उजळला.

उकळूनही पाहिला. टिकेल बहुतेक, पण चव गुळमट होते. शिवाय बोंडात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं म्हणून हा खटाटोप, ते उकळल्यावर राहणार कितीसं?

रसानं घशाला होणारी खवखव जायला सासूबाई म्हणतात रसात पेज घाल. कुणी केलंय का? प्रमाण काय? आणि दुधाशिवाय स्मूदीत काय चालेल?

(फेणी काढा असं कृपया सुचवू नका. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, आणि सासरे हा धागा वाचतात.)

प्रतिसाद १

सासूबाईंचं ऐका. ती खवखव टॅनिनची, म्हणजे बोंडातल्या तुरट द्रव्याची. पेजेतला स्टार्च टॅनिनला धरतो आणि गाळ होऊन तळाला बसतो. मी पेजेऐवजी साबुदाणा घेते. लिटरभर रसाला पाच ग्रॅम साबुदाण्याची पूड थोड्या पाण्यात शिजवून खळ करायची, पूर्ण गार झाली की रसात ढवळायची. रात्रभर फ्रीजमध्ये भांडं हलवू नका. सकाळी वरचा निवळ रस अलगद ओतून घ्या.

बोंडं त्याच दिवशी पडलेली हवीत. फुटलेली असतील तर आंबायला सुरुवात झालेलीच असते. आणि लोखंडी विळीवर चिरू नका, रस काळा पडतो. स्टीलची सुरी घ्या. जुनी साडी नेसा, हे डाग जन्मात जात नाहीत.

प्रतिसाद २

आम्ही फोंड्याचे. आमच्याकडे बोंडं तुडवून झाली की चोथ्यावर वजन ठेवतात आणि जो रस थेंबथेंब गळतो तो नीरो. सकाळी थंडगार प्यायचा, दुपारनंतर तो नीरो राहत नाही. टिकवायचाच असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीझरमध्ये टाका, बाटलीच्या भानगडीत पडू नका.

धागाकर्तीकडून

दोघांचे आभार! काल दोन लिटर रसावर साबुदाणा करून पाहिला. सकाळी तळाला बोटभर जाड, दह्यासारखा गाळ आणि वर सोनेरी पारदर्शक रस. ओतताना शेवटी घाई केली आणि पाव लिटर पुन्हा गढूळ झाला, तो गेला. खवखव पूर्ण नाही, पण बरीच गेली. अर्ध्या रसाचे बर्फाचे खडे केले. आज त्यातले सहा खडे, एक वेलची केळं आणि शहाळ्याची मलई मिक्सरमध्ये फिरवली. काही फाटलं नाही. लेकीनं दुसरा ग्लास मागितला, मोज्याचं नावही काढलं नाही.

आता चोथा उरलाय, चांगली पाटीभर. आंबण्याआधी म्हशीला किती घालावा, कुणाला माहीत आहे का? ती सकाळपासून कुंपणापाशीच उभी आहे.