बीम हा नशिबाचा खेळ आहे का? पॅरिसची फायनल बघून पडलेला प्रश्न

खानापूरची आई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी सहावीत आहे, शनिवार-रविवार बेळगावला जिम्नॅस्टिक्सला जाते. त्यात बीम असतो, म्हणजे उंचावरची अरुंद आडवी फळी, तिच्यावर तोल सांभाळत कसरती करायच्या. त्याच्या सरावाला सुताराकडून चार इंच रुंदीची फळी करून घेतली आहे. ती परसात जमिनीवरच टाकून संध्याकाळी तिच्यावर चालणं, उड्या, एका पायावर गिरकी असं चालू असतं. सर कन्नडमधून शिकवतात, त्यामुळे ही गिरकी घेताना ‘ओंदु, एरडु, मूरु’ असं मोजते.

परवा दोघींनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची बीमची फायनल परत बघितली. आठ जणींपैकी चौघी पडल्या. अमेरिकेची नावाजलेली सिमोन बाइल्स पडली, तिचीच जोडीदार सुनी ली पडली, आणि सुवर्ण इटलीच्या अलिचे दामातोला. हिचे बाबा म्हणाले, नशीब म्हणायचं, दुसरं काय! पोरीला ते फार लागलं. मलाही पटत नाही, पण तिला समजावून सांगायचं तर गुण कुठं जातात तेच मला माहीत नाही. त्यात आता सर तिला उंच बीमवर घेणार आहेत आणि सासूबाईंचा ठाम नकार आहे. जाणकारांनी सांगा प्लीज.

टिळकवाडीच्या पीटी बाई

ताई, नशीब अजिबात नाही. मुलीला कागद-पेन घेऊन बसवा आणि हे मांडून दाखवा.

गुणांचे दोन भाग असतात. एक काठिण्याचा, जेवढं अवघड कराल तेवढा वाढतो. दुसरा सफाईचा, तो १० पासून सुरू होतो आणि कापत जातो. थोडं डगमगलं ०.१, जास्त डगमगलं ०.३, तोल सावरायला बीम धरला ०.५, खाली पडलं की अख्खा १ गुण. पॅरिसला चीनच्या झोऊ याचिनचं काठिण्य ६.६ होतं, दामातोचं ५.८. म्हणजे सुरुवातीलाच चीन ०.८ नं पुढं. पण झोऊचा मध्येच तोल गेला आणि तिनं दोन्ही हात बीमवर टेकले. शेवटी दामातो १४.३६६, झोऊ १४.१००. फरक ०.२६६ चा. ते हात टेकले नसते तर सुवर्ण चीनचं होतं. यात नशीब कुठं आलं सांगा!

बाइल्सचं बघा. पडल्याचा १ गुण तर गेलाच, पण शेवटी पंचांना सलामी द्यायची राहिली म्हणून ०.३ वेगळे कापले. तेवढ्यानं तिचा पाचवा नंबर काही बदलला नसता, तरी मी माझ्या मुलींना ते मुद्दाम दाखवते. पडा, रडू येऊ दे, पण दोन्ही हात वर करून सलामी द्यायचीच.

आणखी एक गोष्ट टीव्हीवर पटकन लक्षात येत नाही, ती म्हणजे शांतता. पात्रता फेरीत बाजूला फ्लोअरचं, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींचं, संगीत चालू असतं. फायनलला एका वेळी एकच साधन, त्यामुळे सगळं हॉल चिडीचूप. बाइल्सनं नंतर सांगितलं की मुलींनी संगीत लावायची विनंतीही केली होती. तुमच्याकडं परसात कोंबड्या, टीव्ही, सासूबाईंच्या हाका, सगळं चालू असणार. ते असू दे, पण कधीतरी सगळ्यांनी गप्प बसून तिच्याकडं नुसतं बघत राहा. त्याचीही सवय लागते.

तिला गिरक्या आवडत असतील तर रिओ २०१६ मधली नेदरलँड्सची सान वेवर्स जरूर दाखवा. बाकीच्या कोलांट्यांवर भर देत होत्या, हिनं गिरकीला गिरकी जोडत काठिण्य मिळवलं. १५.४६६ गुण आणि सुवर्ण. कसरत संपल्यावर ही बाई वही काढून स्वतःचे गुण मोजत बसली होती! मला ती फार आवडते.

आता उंचीचं. खरा बीम १२५ सेंटिमीटर उंच, ५ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद. रुंदी तुमच्या फळीएवढीच, पण वर गेल्यावर पोरी पायाकडं बघायला लागतात. मान खाली गेली की खांदे पुढं येतात आणि कंबर हलते. नजर बीमच्या टोकावर ठेवायला आत्ता फळीवरच शिकवा. आणि सरांना स्पष्ट विचारा : मध्ये कमी उंचीचा बीम आहे का, दोन्ही बाजूंना मॅट आहेत का, उतरायला आणि पडायला आधी शिकवणार का. ‘हो’ म्हणाले तर सासूबाईंना एकदा घेऊनच जा.

निपाणीकर तालीमवाला

बाईंनी सगळं सांगितलंच आहे. एक माझं मत. आपली दीपा कर्माकर रिओला चौथी आली ती व्हॉल्टमध्ये, म्हणजे धावत येऊन टेबलावरून उडी घ्यायच्या प्रकारात. अरुणा रेड्डी, प्रणती नायक यांची मोठी पदकंही व्हॉल्टचीच. बीमवर आपली पोरगी ऑलिंपिक फायनलला बघायची फार इच्छा आहे. ताई, तिला दोरीचा मल्लखांबही करू द्या. हात, पोट, मांड्या घट्ट होतात आणि उंचीची भीती मोडते.

खानापूरची आई

बाई, तुमचं उत्तर घरात मोठ्यानं वाचलं. ०.२६६ ची वजाबाकी हिच्या बाबांनी स्वतः करून बघितली आणि ‘बरोबर आहे की’ म्हणाले. सरांना फोन केला. कमी उंचीचा बीम आहे, सुरुवात त्याच्यावरच करणार, आणि पहिले काही दिवस नुसतं उतरायला शिकवणार. येत्या रविवारी सासूबाई बरोबर येणार आहेत, त्यांना मॅट स्वतः दाबून बघायचे आहेत. मल्लखांबाचं खानापुरात कुठं शिकवतात का? माहीत असेल तर इथंच लिहा.