मदत हवी आहे : लाकडी नंदीची चीर भुशाने भरली, पण भुसाच निघून येतो

आर्वीकर_पाटील
तातडीचं आहे, पोळा नऊ दिवसांवर आलाय. घरचा जुना लाकडी नंदी आहे, सागवानाचा, दीडेक फूट उंच. मानेपासून खाली चीर पडली. सागवानाचाच भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरला. दोनदा. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी अख्खी वडी निघून हातात आली. जिथे थोडा टिकला तिथे पॉलिश धरत नाही, वेगळाच डाग दिसतो. भुसा आणि फेविकॉलचं प्रमाण किती, तेवढंच सांगा. पोरगा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या लहान मुलांच्या पोळ्याला, हाच नंदी नेणार म्हणून अडून बसलाय.

रंधा_पटाशी
चीर किती रुंद? आरपार आहे का? भुसा कुठून आणला? पॉलिश चपड्याचं (लाखेचं) की दुसरं? फोटो टाका.

आर्वीकर_पाटील
फोटो चढत नाही, नेट नाही. चीर नेहमीची आहे. भुसा आरा मशीनवरून आणला. प्रमाण सांगा ना भाऊ.

रंधा_पटाशी
नेहमीची म्हणजे? रुपयाचं नाणं उभं जातं का आत?

आर्वीकर_पाटील
जातं. मानेजवळ दोन जातात. आरपार नाही.

वस्त्रगाळ
आरा मशीनचा भुसा इथे कामाचा नाही. एक तर तो जाड, दुसरं म्हणजे त्यात चार झाडांचं लाकूड मिसळलेलं, आणि पावसाळ्यात ओलाही असतो. सागवानाचा तुकडा घ्या, १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा, पडेल ती पूड जुन्या धोतराच्या कापडातून गाळा. पिठासारखी हवी. मी सागवान, शिसम, हळदू, बाभूळ अशा चार बरण्या वेगळ्या भरून ठेवतो. बायको म्हणते मसाल्याचा डबा आहे.

डागाचं कारण फेविकॉल. वाळला की तो लाकडाची तोंडं बंद करतो, मग पॉलिश आत मुरत नाही. चपडा स्पिरिटमध्ये दाट विरघळवून त्यात पूड कालवा. वरून चपड्याचंच पॉलिश मारायचं असेल तर तिथे जोड कमी दिसतो.

रंधा_पटाशी
दोन नाण्यांच्या चिरेत चपडा? ठिसूळ असतो तो. पोरगं ओढत नेईल, दगडावर आपटेल, तिसऱ्या चौकात पडेल. इपॉक्सी घ्या, दोन नळ्यांचा येतो तो, त्यात पूड घाला.

वस्त्रगाळ
इपॉक्सीवर पॉलिश कधी धरलेलं दाखवा मला.

रंधा_पटाशी
धरू नका देऊ! शिसमाची काळी पूड घाला आणि चीर मुद्दाम काळी रेघ म्हणून दाखवा. सोबत शिंगांच्या मुळाशी तशीच एक बारीक खाच कोरून भरा. डाग लपवायला गेलं की डागच दिसतो.

आर्वीकर_पाटील
बाबा घराबाहेर काढतील मला. नंदी आजोबांच्या वेळचा आहे.

वाढई_वरूडचा
भुसा कायले भरून राहिले भाऊ? नाण्याएवढ्या चिरेत पाचर मारा. सागवानाची पातळ चीप रंध्यानं काढा, रेषा नंदीच्या रेषेसंगं जुळवा, गम लावून हळूच ठोका, आन वाळल्यावर पटाशीनं सपाट करा. भुसा फक्त पाचरीच्या बाजूले जे केसाएवढं राह्यते त्याच्यासाठी. आमचा बुढा असाच करे. भुशानं खड्डा भरणं म्हंजे पोहे कालवून भिंत बांधनं.

तिरोडा_शेती
भुशावरून आठवलं. आमच्याकडे भुशाची शेगडी होती. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरून भुसा ठासून भरायचा, खालून भोक ठेवायचं, बाटली फिरवून काढायची आणि पेटवायची. दोन वेळचा स्वयंपाक व्हायचा. हल्ली असा डबा कोणी बनवून देतं का गोंदियाकडे?

नागपुरी_संत्रं
तान्हा पोळा नागपुरात दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला असं सांगतात. लहान मुलांना बैलांचं महत्त्व कळावं म्हणून. त्यामुळे जुना नंदी दुरुस्त करणं चांगलंच. आणि त्याच दिवशी मारबत असते, रोगराई घेऊन जा म्हणत पुतळ्याची मिरवणूक काढतात. चिरेलाही म्हणा, घेऊन जा गे मारबत!

आर्वीकर_पाटील
भाऊ, विषय चिरेचा आहे. वाढईभाऊ, पाचर जमेल, पण गम तरी धरेल का? भुसा वडी होऊनच पडला ना.

वाढई_वरूडचा
तेच इचारतो. वडीच्या मागे लाकडाचे तूस चिकटून आले का साफ निघाली?

आर्वीकर_पाटील
साफ. गुळगुळीत. थोडी पिवळसर.

कापूसतळणी
पिवळसर? पोळ्याच्या आदल्या दिवशी खऱ्या बैलांची खांद शेकता, तशी या नंदीचीही शेकता का?

आर्वीकर_पाटील
हो, त्यात काय. आजीपासून चालत आलंय. लोणी-हळद लावायची आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणायचं. दरवर्षी.

कापूसतळणी
मग प्रमाण विचारून काय होणार? चीर खांदावरच आहे ना. कित्येक वर्षांचं लोणी त्या लाकडात मुरलंय. तिथे फेविकॉल काय, कोणताच गम धरणार नाही.

वस्त्रगाळ
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं पाटील. आता स्पिरिटने पुसून काढा.

वाढई_वरूडचा
स्पिरिट नाही! जुन्या नंदीवर चपडा असन तर स्पिरिटनं सगळंच उतरते. टर्पेंटाइन घ्या. काडीले चिंधी गुंडाळा, चिरेच्या आत फिरवा, चिंधी पिवळी व्हायची थांबे पर्यंत. मंग ब्लेडनं आतून खरडून कोरं लाकूड काढा. एक दिवस वाळू द्या, पावसाचे दिवस आहेत, दोन द्या. मंग पाचर.

रंधा_पटाशी
पावसात लाकूड फुगलेलं असतं. आत्ता भरलं तर मे महिन्यात चीर परत उघडेल. उन्हाळ्यात भरा.

वाढई_वरूडचा
उलटं आहे. मे मध्ये चीर सगळ्यात रुंद असते, तेव्हा ठासून भरली तर पावसाळ्यात लाकडाले फुगायले जागाच राहात नाही, बाजूनं नवी फाट जाते. उन्हाळ्यात केसाएवढी फट दिसली तर मेण दाबा.

आर्वीकर_पाटील
आणि पोळा मे मध्ये येतही नाही.

---

आर्वीकर_पाटील (दोन दिवसांनी)
टर्पेंटाइन आणलं. चिंध्या अकरा लागल्या. पहिल्या चार गडद पिवळ्या, वास अजून लोण्याचा. बाबा बघत उभे होते. म्हणाले, ती हळद तुझ्या आजीच्या हातची आहे, पुसू नको एवढी. मी म्हटलं फक्त चिरेतली काढतोय, वरची राहू देतो. मग स्वतःच खाली बसले आणि ब्लेड घेतलं. पाचर उद्या. वाढईभाऊ, चीप किती जाड ठेवू?

वाढई_वरूडचा
चिरेपेक्षा केसभर जास्त, आन खालच्या टोकाले निमुळती. बोटानं आत जाईल तेवढी जाऊ द्या, बाकी लाकडी हातोडीनं. खट्ट आवाज बदलला की थांबा.

वस्त्रगाळ
बाजूची बारीक फट माझ्या पुडीने भरा. पत्ता पाठवा, सागवानाची बरणी पाठवतो.

तिरोडा_शेती
शेगडीचं कोणी सांगितलं नाही अजून.