चढणीच्या माशाची नदी आणि धरणाला विरोध: तुमचे अनुभव

ओहोळ (सिएटल)

संगमेश्वराकडे आमच्या गावात मिरगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की त्या रात्री कुणी झोपत नसे. बत्त्या, कोयते, गोणपाटं घेऊन सगळे ओढ्यावर. वलगणीचे मासे! धारेला उलटे लागून खालच्या नदीतून शेतांत अंडी घालायला चढणारे. आजी ओरडायची, गाभोळीवाली (पोटात अंडी असलेली) सोडा रे. तिचं ऐकतो कोण, गाभोळीच तर सगळ्यांना हवी असायची.

इथे आल्यावर पहिल्यांदा सामन चढताना पाहिला तेव्हा तोंडातून निघालं, "अगं बाई, हा तर चढणीचा मासा!" डोंगरातल्या गार, गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन पोसतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच ओढ्याला परत येतो. मधे भिंत आली की वंश थांबला. (अवांतर: आपल्या रावसाला 'इंडियन सामन' म्हणून विकतात, पण दोघांचं काही नातं नाही. रावस काही डोंगर चढत नाही.)

गेल्या सप्टेंबरात इथल्याच वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीवर गेले होते. तिथलं खालचं धरण 1913 सालचं, नदीच्या मुखापासून जेमतेम 8 किलोमीटरवर. माशांना वर जायला वाट ठेवावी असा कायदा तेव्हाही होता. तो धाब्यावर बसवून धरण बांधलं. वरचं ग्लाइन्स कॅन्यन धरण 1927 चं, 210 फूट उंच. तिथले मूळनिवासी, लोअर एल्वा क्लालम जमातीचे लोक, पहिल्यापासून विरोधात. 1992 ला संसदेत कायदा झाला, धरणं पाडायला प्रत्यक्ष सुरुवात 2011 ला, काम संपलं 2014 ला. म्हणजे निकाल बाजूनं लागल्यावरही एकोणीस वर्षं वाट बघणं!

आता वरच्या धरणाचं एक टोक ठेवलंय, त्यावर उभं राहून खाली बघता येतं. रस्ता नदीनंच वाहून नेल्यामुळे गाडी मॅडिसन फॉल्सपाशी लावून पुढे तंगडतोड करावी लागते. जिथे तळं होतं तिथे आता विलोची आणि आल्डरची झाडं, आणि मधून नदी वेडीवाकडी. माझ्या शेजारी एक आजी उभ्या होत्या, जमातीतल्याच. त्यांच्या लोकांच्या जन्मकथेतली पवित्र जागा त्या तळ्याखाली बुडाली होती. पाणी ओसरल्यावर ती सापडली, असं त्या सांगत होत्या. आवाज अगदी साधा, घराची किल्ली सापडल्यासारखा.

तर धागा यासाठी काढलाय: तुम्ही अशा नदीकाठी राहता का? सुनावणीला गेलात, फलक धरलात? की पलीकडच्या बाजूला, वीजवाल्यांत आहात? वाचलेलं नको, स्वतः पाहिलेलं, जवळच्या माणसाकडून ऐकलेलं लिहा. 'विकासविरोधी' हा शब्द न वापरता जमलं तर दंडवत.

फ्रेझरकाठ (व्हँकुव्हर)

माझा अनुभव एका संध्याकाळचाच आहे. मार्च 2008. कॅनडात येऊन चार महिने झालेले, थंडीनं जीव मेटाकुटीला. ऑफिसातला एक मासेमारीचा वेडा मला पिट मेडोजच्या सभेला ओढून घेऊन गेला. म्हणाला, चल, आमची लोकशाही बघ.

अप्पर पिट नदीला मिळणाऱ्या आठ ओढ्यांवर वीज प्रकल्प यायचा होता. 'रन ऑफ रिव्हर', म्हणजे मोठं तळं नाही, ओढ्याचं पाणी वरच पाइपात घालायचं, खाली टर्बाइनवर सोडायचं, मग परत नदीत. ऐकायला सोज्वळ. पण पाइपाच्या लांबीएवढ्या टप्प्यात ओढ्यात पाणी जेमतेम उरतं, आणि वीज वाहून न्यायला तारा हव्यात. त्या पाइनकोन बर्क उद्यानातून जाणार होत्या, म्हणून उद्यानाची हद्द बदलायचा घाट होता.

सभेला हजाराच्या वर माणसं. मला वाटलं होतं घोषणा, धक्काबुक्की. छे! लोक रांगेत उभे राहून माइकवर दोन-तीन मिनिटं बोलत होते. एक म्हातारा तर भाषणच विसरला. हातातला कागद उलटा-सुलटा करत राहिला, मग म्हणाला की मी त्या नदीवर माझ्या मुलाला गळ टाकायला शिकवलं, आणि खाली बसला. कंपनीच्या माणसाला मात्र हुर्यो मिळाली. त्याचा चेहरा पाहून मला कणवच आली, तोही पगारीच.

दुसऱ्याच दिवशी पर्यावरणमंत्र्यांनी हद्द बदलणार नाही म्हणून जाहीर केलं. मित्र ऑफिसात नाचत आला. मी बावळटासारखं विचारलं, इतक्या लवकर? इथे असंच होतं का? तो म्हणाला, नाही, कधीच होत नाही. त्याचं बरोबर होतं. त्यानंतर मी पुष्कळ सुनावण्यांना गेलो, असा झटपट निकाल पुन्हा पाहिला नाही.

दीडशहाणा (ट्राय-सिटीज, वॉशिंग्टन)

इतके दिवस रोमात (नुसता वाचत) होतो, आता राहवेना. मी पलीकडच्या बाजूचा. अठरा वर्षं वीज जाळ्याच्या कामात आहे.

खालच्या स्नेक नदीवर चार धरणं आहेत: आइस हार्बर, लोअर मॉन्युमेंटल, लिटल गूज, लोअर ग्रॅनाइट. 1961 ते 1975 मधली. चौघांची मिळून क्षमता 3000 मेगावॉटच्या आसपास. ही पाडा म्हणणारे दर वर्षी येतात. मी त्यांना एकच विचारतो: जानेवारीत कडाका पडतो, वारा बंद, ढग दाटलेले, आणि सगळ्यांच्या घरातले हीटर एकदम चालू. त्या संध्याकाळी सहा वाजता वीज कुठून आणू? पाणी हे असं साधन आहे की झडप उघडली की काही मिनिटांत वीज. शिवाय या धरणांमुळे आयडाहोतल्या लुइस्टनपर्यंत बार्ज (सपाट मालवाहू बोटी) जातात, शेतकऱ्यांचा गहू त्यातून समुद्राला लागतो.

मासे मरतात हे मला मान्य आहे. वर चढायला शिड्या आहेत आणि त्या बऱ्या चालतात. खरी गोम पिल्लांची. ती शेपटी पुढे करून प्रवाहाबरोबर वाहत समुद्राकडे जातात. वाहतं पाणी साचलं की त्यांचा दिवसांचा प्रवास आठवड्यांवर जातो, पाणी तापतं, मोठे मासे टपलेले असतात. म्हणून आपण काय करतो, तर पिल्लं पकडून बार्जमध्ये भरून धरणांच्या खाली नेऊन सोडतो. हो, माशांना बोटीतून नेतो. हसा.

रेडफिशवाली (बॉयझी)

हसत नाही, दीडशहाणे साहेब. आमच्या आयडाहोत रेडफिश लेक आहे. समुद्रापासून सुमारे 900 मैल, उंची साडेसहा हजार फूट. लाल झालेल्या सॉकाय सामनांनी पाणी लाल दिसायचं म्हणून हे नाव. 1992 साली तिथे किती सॉकाय परत आले? एक. नर. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'लोनसम लॅरी', एकटा लॅरी. माझ्या मुलाच्या शाळेत त्याची गोष्ट सांगतात. मुलानं घरी येऊन विचारलं, आई, मग त्यानं वर पोचल्यावर काय केलं? काय सांगणार, कपाळ.

डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारनं जमातींशी आणि दोन राज्यांशी करार केला, धरणांच्या बदली विजेचा विचार होणार होता. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. जून 2025 ला करार रद्द.

दीडशहाणा

लॅरीला अंडी उबवणी केंद्रात नेलं होतं, त्याचा वंश पुढे चालवला. मुलाला तेवढं तरी सांगा.

रेडफिशवाली

सांगितलं. त्यावर म्हणाला, मग तो वर आलाच कशाला.

बर्फातली भाकरी (आल्टा, नॉर्वे)

इकडे पॅसिफिकवाल्यांचीच गर्दी झालीय, म्हणून अटलांटिकची बाजू लिहिते. मी इथल्या हॉस्पिटलात आहे. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य उगवत नाही. पहिल्या वर्षी मी दुपारी एक वाजता खिडकीत उभी राहून रडत होते तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई वाटीत सूप घेऊन आल्या. आता सत्तरीच्या पुढे, निवृत्त शिक्षिका. पुढे कळलं की याच अंधारात, जानेवारी 1981 मध्ये, त्या साखळीला बांधून घेऊन रस्त्यावर बसल्या होत्या.

आल्टा नदी म्हणजे सामनांची पंढरी. तिच्यावर जलविद्युत धरण यायचं ठरलं. पहिल्या आराखड्यात तर मासी हे सामी या इथल्या मूळनिवासी लोकांचं गावच बुडत होतं, ते पुढे वगळलं. पण रेनडिअरांची चराई, त्यांच्या वाटा आणि नदीतला मासा यांचा प्रश्न राहिलाच. 1979 च्या उन्हाळ्यात स्टिल्ला इथे तंबू पडले, धरणाच्या रस्त्याचं काम अडवलं. त्याच ऑक्टोबरात सामी तरुणांनी ओस्लोत संसदेसमोर उपोषण केलं. घोषणा तीन शब्दांची: 'ला एल्वा लेवे', नदीला जगू द्या.

बाई सांगतात ते असं. सरकारनं सुमारे 600 पोलीस आणले, देशातल्या पोलिसांचा दहावा हिस्सा! त्यांना राहायला आल्ट्यात जागा कुठली, म्हणून बंदरात प्रवासी जहाज उभं केलं. बाईंच्या कमरेभोवती लोखंडी साखळी, शेजारच्याशी जोडलेली. लोखंड थंडीत अंगाला चिकटू नये म्हणून तिच्यावर लोकरीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. त्या पट्ट्या त्यांनी स्वतः विणल्या होत्या. कापायला आलेला पोलीस बाईंचा जुना विद्यार्थी निघाला. तो "माफ करा" म्हणाला आणि कापू लागला. बाई म्हणाल्या, नीट काप, पट्टी खराब करू नकोस. ती पट्टी अजून त्यांच्याकडे आहे, हिरवी-तांबडी. मी हातात घेतलीय.

1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकार जिंकलं, 1987 ला धरण पुरं झालं. म्हणजे हरले. वीजगृहाच्या लगतच्या टप्प्यात सामन घटला, हे इथला प्रत्येक गळ टाकणारा सांगतो. पण त्याच भांडणातून सामींच्या हक्कांचा विषय देशाला टाळता येईना, आणि 1989 ला त्यांची स्वतःची संसद उभी राहिली. मी बाईंना विचारलं, मग तुम्ही हरलात की जिंकलात? त्या म्हणाल्या, सूप गार होतंय.

अडगुलं (फेअरबँक्स)

आमची छोटीशी भर. अलास्कात सुसित्ना नदीवर 735 फुटी धरण घालायचं चाललं होतं. टॉकीट्ना गावात गेलो तेव्हा बेकरीपासून विमानवाल्यापर्यंत सगळीकडे विरोधाच्या पाट्या. 2016 ला सरकारनं काम गुंडाळलं, त्यात राज्याच्या तिजोरीतल्या खडखडाटाचा हात पाट्यांपेक्षा मोठा असावा असं माझं मत. विरोधकांनी फक्त तेवढा वेळ खेचला. तेही काही कमी नाही म्हणा.

गवती चहा (हम्बोल्ट, कॅलिफोर्निया)

वेळ खेचण्यावरून आमची क्लॅमथ नदी आठवली. मी इथे औषधांच्या दुकानात काम करते. सहकारी युरोक जमातीची, नदीच्या मुखाजवळ वाढलेली. सप्टेंबर 2002 ला ती शाळेत होती. नदीत पाणी कमी आणि कोमट, त्यात कल्ल्यांचा रोग पसरला, आणि काही दिवसांत निदान 34,000 मोठे सामन मेले. ती म्हणते, वास कपड्यांतून जाईना, शाळेत सगळ्यांनाच येत होता म्हणून कुणी कुणाला चिडवलं नाही.

नीट सांगायचं तर त्या वर्षीचा मोठा दोष वर सिंचनाला दिलेल्या पाण्याचा होता. पण लोकांच्या मनात नदी एकच असते. तिथून चार धरणांविरुद्धची चळवळ पेटली. धरणांची मालक कंपनी तेव्हा स्कॉटलंडमधल्या कंपनीच्या ताब्यात होती, म्हणून 2004 मध्ये ही मंडळी थेट एडिनबरोला भागधारकांच्या सभेला जाऊन थडकली. स्कॉटिश लोकांना सामन काय ते समजावून सांगावं लागत नाही! पुढे मालक बदलला, तर हे नव्या मालकाच्या गावी, ओमाहाला गेले. माझ्या सहकारीणीची मावशी गेली होती, तिला तिथलं फक्त सभागृहातलं एसी आठवतं.

आणि दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर दीडशहाणे ओरडतील. वरच्या सिस्कियू काउंटीत बहुतेकांना धरणं हवीच होती. तळ्याकाठी घरं घेतलेली माणसं, उद्या खिडकीसमोर चिखल. त्यांच्याही पाट्या मी पाहिल्यात. उन्हाळ्यात त्याच तळ्यांवर विषारी शेवाळ यायचं आणि कुत्रंसुद्धा पाण्यात सोडू नका असे फलक लागायचे, हेही पाहिलंय.

2023 ला सर्वांत लहान कॉप्को-2 गेलं, 2024 च्या शरदात उरलेली तीन. खर्च सुमारे 45 कोटी डॉलर. जानेवारी 2024 ला पाणी सोडायला लागले तेव्हा मी त्यांतल्या आयर्न गेट धरणाच्या खाली होते. नदी चहाच्या चोथ्यासारखी. मला वाटलं, मेलं सगळं. आणि ऑक्टोबरात चिनूक सामन धरणांच्या जागा ओलांडून ओरेगनात पोचले! शंभर वर्षांहून जास्त काळ तिथे एकही गेला नव्हता. सहकारीणीनं दुकानात फोनवरचा व्हिडिओ दाखवला, उथळ पाण्यात एक पाठ हलतेय, बस्स. आम्ही दोघी काउंटरमागे उभ्या, समोर गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागतंय.

मुळशीकर (पुणे)

मी सामन फक्त पिझ्झ्यावर पाहिलाय, तरी लिहू का? आमच्या पणजोबांचं घर मुळशीच्या पाण्याखाली आहे. तेही विजेचंच धरण. 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते तिथे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वडील बोट दाखवायचे, ते बघ, तिथे. मला कधीच काही दिसलं नाही, मी मान हलवायचो.

ओहोळ

मुळशीकर, लिहा म्हणजे काय, लिहिलंतच. इथे चालतं.

फ्रेझरकाठ

आई-बाबा सप्टेंबरात येतायत, ओरेगनपर्यंत गाडीनं फिरवणार आहे. म्हाताऱ्यांना फार न चालवता चढणारा सामन कुठे दाखवता येईल?

ओहोळ

पोर्टलंडजवळ बॉनव्हिल धरण. गंमत आहे, पण सर्वांत जवळून तो धरणातच दिसतो. माशांच्या शिडीला खाली काचेची खिडकी आहे, तिथे मोजणी करणारी माणसं जातीनुसार एकेक मासा नोंदवतात. काचेला लॅम्प्री (वाममाशासारखे लांबट मासे) चिकटलेले असतात, तोंडानं. बाबांना आधी सांगून ठेवा, दचकतात लोक. माझी आई गेल्या वर्षी तासभर हलली नाही. शेवटी मोजणाऱ्या बाईंकडे बोट दाखवून म्हणाली, विचार गं त्यांना, गाभोळीवाल्या वेगळ्या मोजतात का.