चालू डेबियन सर्व्हर एका डिस्कवरून रेड १ + एलव्हीएमवर न्यायचा आहे: क्रम काय ठेवावा?

नेटवर्ककट्टा:

छोट्या ऑफिसचा फाइल सर्व्हर आहे. डेबियन १२, यूईएफआय बूट, एकच १ टीबीची साटा हार्ड डिस्क (एसडीए), जीपीटी टेबल. पार्टिशन असे: ५१२ एमबी ईएसपी (यूईएफआयचं बूट पार्टिशन), ६० जीबी रूट, ८ जीबी स्वॅप आणि उरलेल्या जागेत डेटा. रूट आणि डेटा दोन्ही एक्सट४. डेटा साधारण ५२० जीबी भरला आहे. मशीनवर साम्बा आणि पोस्टग्रेस चालतात, रविवारी बंद ठेवता येतं.

१ टीबीची दुसरी डिस्क (एसडीबी) लावली आहे. नव्याने इन्स्टॉल न करता दोन्ही डिस्कवर मिरर (रेड १, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा) आणि त्यावर एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिक व्हॉल्यूममध्ये वाटणारी व्यवस्था) हवं आहे. तीन शंका:

नवी डिस्क एकच असताना मिरर बनवता येतो का? बूट डिरेक्टरीसाठी वेगळं पार्टिशन लागतं का? आणि एमडी रेड (लिनक्स कर्नलचं सॉफ्टवेअर रेड) वापरावं की एलव्हीएमचं स्वतःचं रेड १?

शेलदार:

बनवता येतो. एमडीएडीएमने (एमडी रेडची कमांड) अ‍ॅरे, म्हणजे रेडचा डिस्कसंच, तयार करताना दोनपैकी एका डिव्हाइसच्या जागी 'मिसिंग' हा शब्द द्यायचा. अ‍ॅरे अर्धा बनतो, पण पूर्ण वापरता येतो. त्यावर डेटा आणायचा, त्यावरून बूट करून बघायचं आणि जुनी डिस्क अगदी शेवटी त्यात घालायची. या कामात एकच गोष्ट पाळायची आहे: जुनी डिस्क काढून ठेवून मशीन नीट बूट झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही.

आधी बाहेरच्या यूएसबी डिस्कवर पूर्ण बॅकअप घ्या, पोस्टग्रेसचा पीजी-डंप-ऑल वेगळा काढा. मग दोन्ही डिस्कवर स्मार्टसीटीएलची लाँग टेस्ट चालवा. अ‍ॅट्रिब्यूट ५, १९७ आणि १९८ (खराब सेक्टरचे आकडे) यांची रॉ व्हॅल्यू शून्य हवी. नव्या डिस्कवर १९७ शून्याच्या वर दिसला तर ती डिस्क परत करा, कारण सिंक चालू असताना तुमच्या डेटाची चालू प्रत फक्त तिच्यावरच असणार आहे.

नव्या डिस्कवर दोनच पार्टिशन करा: १ जीबी ईएसपी आणि बाकी सगळं रेडसाठी (एसजीडिस्कमध्ये टाइप एफडी००). शेवटचे २०० एमबी मोकळे सोडा. दोन कंपन्यांच्या '१ टीबी' डिस्क बहुतेक वेळा १,९५,३५,२५,१६८ सेक्टरच्या असतात, पण नेहमीच नाही. जुनी डिस्क थोडी जरी लहान निघाली तर शेवटच्या टप्प्यावर 'नॉट लार्ज इनफ टु जॉइन अ‍ॅरे' असा एरर येतो आणि तेव्हा सगळं पुन्हा करावं लागतं. ब्लॉकडेव्हला गेटसाइझ६४ देऊन दोन्हींचे बाइट आधीच ताडून घ्या.

अ‍ॅरे: लेव्हल १, रेड-डिव्हायसेस २, मेटाडेटा १.२ (डिफॉल्टच आहे), डिव्हाइस 'मिसिंग' आणि एसडीबी२. अ‍ॅरे पार्टिशनपेक्षा साधारण १३० एमबी लहान दिसेल. ती डेटा ऑफसेटची जागा आहे, चूक नाही. १०० जीबीच्या वरच्या अ‍ॅरेला इंटर्नल बिटमॅप (कुठले भाग बदलले याची नोंद) आपोआप मिळतो. तो राहू द्या, पुढे लागणार आहे.

मग पीव्हीक्रिएट, व्हीजीक्रिएट, आणि तीन व्हॉल्यूम: रूट ६०जी, स्वॅप ८जी, डेटा ७००जी. एलव्हीक्रिएटमधला मोठा 'जी' म्हणजे १०२४चा हिशेब, त्यामुळे १ टीबीच्या डिस्कवर सुमारे ९३०जी मिळतात आणि १६०जीच्या आसपास उरतात. ते मुद्दाम रिकामे ठेवा. एक्सट४ चालू असताना वाढवता येते, लहान करायची तर अनमाउंट करावीच लागते. शिवाय स्नॅपशॉट काढायला व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी जागा लागते.

बूटसाठी वेगळं पार्टिशन नको. ग्रबला (बूटलोडरला) एमडी आणि एलव्हीएम दोन्ही वाचता येतात, फक्त त्यांवर लिहिता येत नाही. म्हणून ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये 'सेव्हडिफॉल्ट' (शेवटची निवड लिहून ठेवणारा पर्याय) चालू असेल तर ते बंद करा, नाहीतर प्रत्येक बूटला 'डिस्कफिल्टर राइट्स आर नॉट सपोर्टेड' हा मेसेज येत राहील.

ब्लॉक_दर_ब्लॉक:

कॉपीबद्दल. डीडी वापरू नका. त्याने फाइलसिस्टिमचा यूयूआयडीही (ओळख क्रमांक) जसाच्या तसा येतो, आणि दोन्ही डिस्क लावलेल्या असताना मशीन कुठली माउंट करेल याचा भरवसा राहत नाही. आरसिंकच वापरा.

रूट आधी दुसऱ्या ठिकाणी बाइंड माउंट करा, म्हणजे एमएनटीखाली 'जुनं' नावाच्या डिरेक्टरीत. साधा बाइंड, आरबाइंड (आतले माउंटही सोबत आणणारा) नाही. त्यामुळे प्रॉक, सिस, डेव्ह हे रिकाम्या डिरेक्टरी म्हणून येतात आणि माउंट पॉइंटखाली काही फाइली दबलेल्या असतील तर त्याही दिसतात. आरसिंकचे पर्याय: छोटा ए, मोठा ए, मोठा एच, मोठा एक्स, छोटा एक्स आणि न्यूमेरिक-आयडीज. सोर्सच्या शेवटी स्लॅश विसरू नका. साम्बा असल्यामुळे मोठा ए आणि मोठा एक्स सोडता येणार नाहीत. परवानग्या एसीएलमध्ये असतात, आणि विंडोजचे हिडन, रीड-ओन्ली हे गुण एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूटमध्ये. ते गेले तर कॉपी बरोबर झाल्यासारखी वाटते, आणि सोमवारी लोकांना फोल्डर उघडत नाहीत.

पहिली फेरी सर्व्हर चालू असतानाच शनिवारी रात्री लावा. ५२० जीबीला काही तास जातील. रविवारी साम्बा आणि पोस्टग्रेस बंद करून तीच कमांड डिलीट पर्यायासह पुन्हा चालवा. डेटा व्हॉल्यूमसाठी वेगळी फेरी लागते, कारण छोटा एक्स एका फाइलसिस्टिमच्या बाहेर जात नाही.

यानंतर चीरूट, म्हणजे नव्या रूटच्या आत शिरून काम. डेव्ह, प्रॉक, सिस, रन हे मात्र आरबाइंडने माउंट करा, नाहीतर ईएफआयचे व्हेरिएबल आत दिसत नाहीत. नवी ईएसपी बूटखाली ईएफआयवर माउंट करा. आत एमडीएडीएम आणि एलव्हीएम२ ही पॅकेजेस आहेत ना ते बघा. एफस्टॅबमध्ये नवे मॅपरचे पाथ घाला. ईएसपीच्या ओळीत नोफेल हवंच. ते नसेल आणि नेमकी ती ईएसपी असलेली डिस्क मेली, तर रूट शाबूत असूनही सिस्टिमडी ९० सेकंद वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. मिरर केलेला सर्व्हर पहिल्याच डिस्क फेल्युअरला आडवा होण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

शेवटी एमडीएडीएमच्या डिटेल-स्कॅनची ओळ एमडीएडीएम.कॉन्फमध्ये जोडा, अपडेट-इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टिम बनवणारी कमांड) सगळ्या कर्नलसाठी चालवा, मग ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब. क्रम हाच ठेवा. इनिटरॅमएफएस आधी बनवली तर तिच्यात जुनीच कॉन्फ जाते.

ऑप्सवाली:

तिसऱ्या शंकेबद्दल: या केसमध्ये एमडी. एलव्हीएमचं रेड १ आतून कर्नलचाच एमडी कोड वापरतं, त्यामुळे विश्वासार्हतेत फरक नाही. फरक वापरात आहे. एलव्हीएममध्ये मिरर प्रत्येक व्हॉल्यूमला वेगळा लावावा लागतो (एलव्हीकन्व्हर्ट, टाइप रेड१, एम १). सहा महिन्यांनी कोणी नवा व्हॉल्यूम काढला आणि टाइप द्यायला विसरला, तर तो गुपचूप एकाच डिस्कवर राहतो. एमडीवर काहीही काढा, खाली मिरर आहेच. काही व्हॉल्यूम मिरर नको असतील, उदाहरणार्थ टाकाऊ कॅश, तेव्हा एलव्हीएमची पद्धत कामाची.

ईएसपी एमडीवर ठेवायचा सल्लाही अनेक ठिकाणी दिसेल, मेटाडेटा १.० घेऊन. फर्मवेअरला ते साधं फॅट वाटतं हे खरं, पण फर्मवेअरने एका बाजूला काही लिहिलं तर एमडीला ते कळत नाही. दोन स्वतंत्र ईएसपी ठेवा.

रॉकी, अल्मा किंवा रेड हॅट ९ वर हेच करणाऱ्यांसाठी: तिथे एलव्हीएम डिव्हायसेस फाइल बघतं, तेव्हा नवा एमडी त्यात आला आहे का ते एलव्हीएमडिव्हायसेसने तपासा. ड्रॅकटने इनिटरॅमएफएस नव्याने बनवा आणि कर्नल कमांडलाइनवरचे आरडी.एलव्हीएम.एलव्ही आणि आरडी.एमडी.यूयूआयडी बदला. डेबियनला यातलं काही लागत नाही.

नेटवर्ककट्टा:

जुनी डिस्क काढून नव्या डिस्कवरून बूट झालं. दोन गोष्टी खटकतात. अ‍ॅरे एमडी० ऐवजी एमडी१२७ नावाने येतो. आणि बूटला सुमारे ३० सेकंद थांबून 'गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस' असं येतं.

शेलदार:

एमडी१२७ म्हणजे इनिटरॅमएफएसमधल्या कॉन्फमध्ये अ‍ॅरेची ओळ नाही किंवा होस्टनेम जुळत नाही. डेटाला काही धोका नाही, कारण एलव्हीएम पीव्हीला (पीव्हीक्रिएटने तयार केलेल्या जागेला) त्याच्या यूयूआयडीने ओळखतं. कॉन्फ तपासून इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा.

३० सेकंदांचं कारण जुना स्वॅप. इनिटरॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ.डी डिरेक्टरीत 'रिझ्यूम' नावाची फाइल आहे, तिच्यात जुन्या स्वॅपचा यूयूआयडी पडला आहे. सर्व्हर हायबरनेट करणार नसाल तर तिथे रिझ्यूम=नन लिहा आणि पुन्हा अपडेट-इनिटरॅमएफएस.

आता आणखी आठ दिवस याच अवस्थेत चालवा, जुनी डिस्क कपाटात ठेवा. घाई करण्यासारखं काही नाही. आतापर्यंतही सर्व्हर एकाच डिस्कवर होता, आता निदान एक जुनी प्रत जास्तीची आहे.

नंतर जुनी डिस्क लावून आधी एलएसबीएलकेमध्ये सिरीयल नंबर बघा, कारण एसडीए-एसडीबी ही नावं अदलाबदल होऊ शकतात. त्या डिस्कवर, आणि तिच्या प्रत्येक पार्टिशनवर, वाइपएफएस चालवा. टेबल कॉपी करताना जपून: एसजीडिस्कच्या रेप्लिकेट पर्यायाला जोडून जे नाव येतं ते ज्यावर लिहायचं ते, आणि शेवटी एकटं येतं ते ज्यावरून वाचायचं ते. उलटं केलं तर चालू डिस्कचं टेबल उडतं. त्यानंतर मोठ्या जी पर्यायाने जीयूआयडी (डिस्क आणि पार्टिशनचे ओळख क्रमांक) बदलून घ्या.

मग एमडीएडीएम अ‍ॅड. एमडीस्टॅटमध्ये '[_यू]' (एक जागा रिकामी) दिसतं ते सिंक संपल्यावर '[यूयू]' होईल. १५० एमबी प्रतिसेकंदाने १ टीबीला दोन तासांच्या आत व्हायला हवं, पण डिस्क आतल्या ट्रॅकवर मंदावते, म्हणून तीन तास धरा. कर्नलची डिफॉल्ट कमाल मर्यादा २,००,००० केबी प्रतिसेकंद आहे, एका हार्ड डिस्कला पुरेशी. सर्व्हर यूपीएसवर असू द्या.

ब्लॉक_दर_ब्लॉक:

सिंक लावण्यापूर्वी एक तपासणी: स्मार्टसीटीएलने एससीटी ईआरसी (खराब सेक्टरवर डिस्कने किती वेळ प्रयत्न करायचा याची मर्यादा) बघा. डेस्कटॉप डिस्कमध्ये ते बहुधा बंद असतं किंवा नसतंच. अशी डिस्क खराब सेक्टरवर दोन-दोन मिनिटं झगडत बसते, कर्नल मात्र ३० सेकंदांत कंटाळून लिंक रीसेट करतं, आणि एका सेक्टरपायी आख्खी डिस्क अ‍ॅरेबाहेर फेकली जाते. सोय असेल तर एससीटीईआरसी ७०,७० (म्हणजे ७ सेकंद) करा. नसेल तर सिस-ब्लॉकखालच्या त्या डिस्कचा टाइमआउट १८० करा. दोन्ही रीबूटनंतर पुसलं जातं, म्हणून यूडेव्ह रूलमध्ये घाला.

दुसरी ईएसपी: ग्रब-इन्स्टॉलला वेगळा बूटलोडर-आयडी देऊ नका. डेबियनचा सही केलेला ग्रब आपली कॉन्फ ईएफआय/डेबियन याच फोल्डरमध्ये शोधतो. पहिल्या ईएसपीतलं सगळं दुसरीत आरसिंक करा, आणि ईएफआयबूटएमजीआरने शिम-एक्स६४ ला (ग्रबच्या आधी चालणाऱ्या फाइलला) दाखवणारी नवी एंट्री करा. त्या कॉन्फमध्ये फक्त रूटचा यूयूआयडी असतो आणि तो दोन्हींना एकच, त्यामुळे कॉपी तशीच चालते. डिस्क काढली की काही फर्मवेअर एंट्री विसरतात. त्यासाठी ग्रबच्या पॅकेजचं रीकॉन्फिगर करून रिमूव्हेबल पाथवरही इन्स्टॉल करायला सांगा, आणि मग पुन्हा कॉपी. एफस्टॅबमधल्या दुसऱ्या ओळीलाही नोफेल.

ऑप्सवाली:

'[यूयू]' झाल्यावर बूटची परीक्षा पुन्हा घ्या. आधीची परीक्षा पुरेशी नव्हती. 'मिसिंग'ने बनवलेल्या अ‍ॅरेला दुसरी डिस्क अपेक्षितच नव्हती, म्हणून तो लगेच सुरू झाला. आता दोन अपेक्षित असताना एक गायब झाली तर इनिटरॅमएफएस थोडा वेळ वाट बघून मग अर्धा अ‍ॅरे उचलते. तेवढा उशीर चालेल, पण उचलते का ते डोळ्यांनी बघा.

मशीन बंद करून पहिल्या डिस्कची केबल काढा, बूट करा, बंद करा, केबल परत लावा. डिस्क आपोआप आत येत नाही, एमडीएडीएम री-अ‍ॅड द्यावं लागतं. बिटमॅपमुळे फक्त बदललेले भाग सिंक होतात आणि काम थोडक्यात संपतं. पुन्हा '[यूयू]' दिसेपर्यंत दुसऱ्या डिस्कची केबल काढायची नाही. मध्येच काढली तर दोन्ही डिस्कवर वेगवेगळा इतिहास तयार होतो आणि कुठली खरी हे एमडीला ठरवता येत नाही.

आणि एमडीएडीएम.कॉन्फमध्ये मेलअ‍ॅड्रेस भरून मॉनिटर, स्कॅन, वनशॉट, टेस्ट असं एकदा चालवा. मशीनवर मेल पाठवणारं काही बसवलेलं नसेल तर ही मेल येणार नाही, आणि डिस्क मेल्याचीही येणार नाही.