मुलीला रेंजबाहेर बसवलं, रायफल तर रिकामी होती!

कराडची_आई
माझी मुलगी तेरा वर्षांची. 2024 ला पॅरिसमध्ये आपल्या राधानगरीच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. जूनपासून क्लबला जाते, 10 मीटर एअर रायफल. परवा सराव संपल्यावर मैत्रिणीने मागून हाक मारली आणि ही रायफल हातात घेऊनच वळली. फ्लॅगही (रिकामी आहे हे दाखवायला नळीत घालतात ती केशरी दोरी) घातला नव्हता. सरांनी सगळ्यांदेखत रायफल काढून घेतली आणि दोन दिवस बाकावर बसून नुसतं बघ म्हणाले. पोरगी रडत घरी आली. चुकलं, मान्य. पण रायफल रिकामी होती. शिवाय ही छर्ऱ्याची, हिला लायसन्ससुद्धा लागत नाही. सरांशी बोलू का?

पिंट्या_सांगली
बोला की ताई. जत्रेत फुगे फोडताना कुठं कोण फ्लॅग घालतंय!

नेमबाज_नाना
पिंट्याशेठ, जत्रेतली बंदूक आणि ही, दोन्हींची गल्लत नको.

ताई, रिकामी होती हे तुम्हाला मुलीने सांगितलं. मुलीला कुणी सांगितलं? छर्रा भरायचं लिव्हर मिटलं की नळीत पॅलेट, म्हणजे छर्रा, आहे का नाही, ते बाहेरून ब्रह्मदेवालाही दिसत नाही. ती केशरी दोरी शोभेची नाही. मागून घालायची आणि पुढे नळीच्या तोंडातून बाहेर दिसायला हवी. आत पॅलेट असेल तर ती अडते. म्हणून मी आखूड तुकडा चालवून घेत नाही. पोरं एक दोरी तोडून दोघांत वाटून घेतात, तिथंच सगळं मुसळ केरात.

माझंच सांगतो. नवा होतो तेव्हा. पावसाळा, पत्रा गळतोय, खाली प्लास्टिकची बादली ठेवलेली. 'स्टॉप' झालं, म्हणजे नेम थांबवायचा हुकूम. मी पॅलेट भरून लिव्हर मिटलं होतं, ते बोलण्याच्या नादात विसरलो. रायफल केसमध्ये ठेवायला वळलो आणि बोट कुठं लागलं देव जाणे. या रायफलींचा ट्रिगर किती हलका असतो ते मुलीला विचारा. टच्च! बादलीला भोक आणि त्यातून करंगळीएवढीही नाही अशी धार. तिथून हातभर अंतरावर सर गुडघे टेकून एका पोराच्या जॅकेटची बटणं लावत होते. ओरडले नाहीत. पाणी भोकाच्या खाली जाईपर्यंत मला तिथंच उभं केलं.

तुमच्या सरांनी दोनच दिवस बसवलं, मी आठवडा बसवला असता. मात्र सगळ्यांदेखत रायफल हिसकावली असेल तर ते मला पटत नाही. हातात शस्त्र असलेल्या पोराला दचकवू नये.

सुप्रिया_पुणे
नानांना अनुमोदन. एक राहिलं: पॅलेट शिशाची असतात. आमचे चिरंजीव भरताना एखादं ओठात धरायचे, बघून माझ्या पोटात गोळा आला. जेवणाच्या डब्याला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवायला लावा. आणि जुनी रायफल घेणार असाल तर तिच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघा, 10 वर्षं उलटलेलं स्पर्धेत चालत नाही.

कराडची_आई
नाना, सरांशी नाही, लेकीशी बोलले. दोनदा विचारलं. आधी म्हणाली, "रिकामीच होती गं." मग जेवताना अचानक म्हणाली, "आई, शेवटचं पॅलेट मारलं का नुसतं भरलं, मला खरंच आठवत नाही."
हिची दोरी मैत्रिणीकडे राहिली आहे. नवी कुठं मिळेल?

नेमबाज_नाना
हार्डवेअरवाल्याकडे जा, गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी मागा. केशरीच घ्या, लांबून दिसते. नळी 4.5 मिमीची, त्यामुळे दोरी अडीच मिमीच्या आतली. दोन मीटर घेऊन दोन तुकडे करा. एक हरवणारच.